सबवूफर घेताना या चुका टाळा: आधी खोली मोजा, मग डबा निवडा

“दादा, सब आणलाय, पण नुसतं घुमायलंय. गाणं कळंना झालंय.”

उदगीरच्या मावसभावाचा हा फोन आला तेव्हा दहा इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त बेस, खालचे जड सूर वाजवणारा स्पीकरचा डबा) घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. दुकानात हाच सब त्याला फार आवडला होता, त्यामुळे डबाच बदलून दिला असेल असा त्याला संशय. मी गेलो आणि सबकडे बघण्याआधी टेप काढली. लांबी १० फूट, रुंदी १० फूट आणि स्लॅबही १० फुटांवर. डबा चांगलाच होता.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो ये-जा करतो आणि एका ठरावीक सुरावर घुमायला लागतो. हा सूर काढायचा असेल तर ५६० ला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागा. १० फुटांना ५६ हर्ट्झ, १२ फुटांना ४७, १४ फुटांना ४०, १६ फुटांना ३५. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असेल तर हे तीन सूरही वेगवेगळे पडतात आणि घुमणं विभागलं जातं. दहा-दहा-दहाच्या खोलीत मात्र तिन्ही ५६ वरच येऊन बसतात. मग बेस गिटार असो की ढोल, त्या आसपासचं सगळं एकाच हुंकारात बुडतं. यात सबचा दोष नाही आणि याहून दुप्पट महाग सब आणला तरी हे जात नाही.

म्हणून बजेट १५ हजारांचं असो की ३० हजारांचं, पैसे मोजण्याआधी खोली मोजा. कोणत्या खोलीत लावणार हे नक्की नसेल तर खरेदी पुढे ढकला.

परदेशातल्या सल्ल्यावर खरेदी करणं

व्हिडिओ बघून आपली पोरं ठरवतात की बारा इंचाच्या खाली सब घ्यायचाच नाही आणि जमलं तर दोन घ्यायचे. सल्ला देणारे खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं घर वेगळं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. खालच्या सुरांना त्या भिंती स्वतः हलतात, काही बेस गिळतात, काही पलीकडे जाऊ देतात. शिवाय हॉल मोठा आणि स्वयंपाकघराला उघडा. एवढी हवा हलवायला मोठा सब लागतोच.

लातूर, नांदेड, परभणीतल्या स्लॅबच्या घरात नऊ इंची विटांची भिंत असते, वर काँक्रीट, खाली फरशी. बेस आतच राहतो. १० बाय १२ ची खोली १० फूट उंचीची धरली तर १२०० घनफूट होते. एवढ्या बंद खोलीत चांगला आठ इंची सब संगीताला पुरतो आणि दहा इंची सिनेमालाही. आपल्याला बेस कमी पडण्याची भीती नसते, तो नको तिथे जास्त होण्याची असते.

पत्र्याच्या घरात गोष्ट उलटी. खालचा बेस पत्र्यातून बाहेर निघून जातो आणि वर पत्राच वाजायला लागतो. तिथे आवाज वाढवण्याआधी पत्र्याचे हुक आवळून घ्या, वॉशर झिजले असतील तर बदला. जुन्या माळवदाच्या घरात भिंती इतक्या जाड असतात की बेस शेजारी जाण्याची चिंताच नको.

वॅटचा आकडा बघून भुलणं

खोक्यावर छापलेले हजारो वॅट पीएमपीओ बहुतेक वेळा निरर्थक असतात. क्षणभरासाठी, कागदावर, कशाही पद्धतीने मोजलेला तो आकडा. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट विचारा. तो खरा असला तरी एवढं लक्षात ठेवा की ताकद दुप्पट केल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. १०० आणि १५० वॅटमधला फरक कानाला जेमतेम कळेल. कोनचा, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याचा, आकार जास्त बोलतो, कारण बारा इंची कोनचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असतं.

कीर्तनात बसणाऱ्याला माहीत असतं की पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात. पुडी जड होते, सूर खाली उतरतो. सबच्या कोनचंही तेच आहे. सूर खाली न्यायचा तर कोन जड लागतो आणि जड कोन हलवायला ताकद लागते. त्यात एक सप्तक खाली जाऊन तेवढाच मोठा आवाज काढायचा असेल तर कोनला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. म्हणून लहान डबा, खोल सूर आणि मोठा आवाज या तीन गोष्टी स्वस्तात एकत्र मिळत नाहीत. लहान डब्यात दोन्ही हवं असेल तर ॲम्प्लिफायर आणि ड्रायव्हर (कोन, कॉइल, चुंबक मिळून) फार दणकट लागतात, आणि ते स्वस्तात बसत नाही. कोणी स्वस्तात तिन्ही देतो म्हणाला तर त्याने यातली एक कुठेतरी कापलेली आहे.

माहितीपत्रकात “२५ हर्ट्झपर्यंत” लिहिलेलं असतं, पण किती डेसिबल घसरणीवर, ते शोधा. उणे ३ ला २५ असेल तर सब खरंच खोल जातो. उणे १० ला २५ असेल तर त्या सुरावर आवाज बराच कमी झालेला असतो. काहीच लिहिलेलं नसेल तर डबा उचलून बघा. जड चुंबक, जाड लाकूड आणि नीट ॲम्प्लिफायर असलेला दहा इंची सब एका हाताने सहज उचलला जात नाही. ही कसोटी ढोबळ आहे, पण मला तिने आजवर दगा दिलेला नाही.

खाली किती जायला हवं? चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झ, पाच तारांच्या गिटारचा ३१, पियानोचा २७.५. गाणी, भजन, गझल ऐकणाऱ्याला ३५ पर्यंत स्वच्छ जाणारा सब भरपूर झाला. त्याखाली स्फोट, गडगडाट, इंजिनं अशी सिनेमाची दुनिया आहे. बजेट कमी असेल तर ती शेवटची पायरी सोडून द्या आणि वरचं स्वच्छ घ्या.

सीलबंद की पोर्टवाला

यावर वाद फार घातला जातो. सीलबंद डब्याचा आवाज एका मर्यादेखाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या डब्याचा, २४ ने. म्हणजे पोर्टवाला त्याच्या मर्यादेपर्यंत जास्त दम देतो आणि त्याखाली झपकन संपतो. मुख्यतः संगीत ऐकायचं असेल आणि खोली पक्क्या भिंतींची, लहान असेल तर मी सीलबंद घेईन, कारण त्याची हळूहळू होणारी उतरण बंद खोली बरीचशी भरून काढते. सिनेमाचं पारडं जड असेल तर त्याच पैशात पोर्टवाला. गावाकडच्या घरात पोर्टमध्ये उंदीर किंवा पाल शिरते आणि आतल्या वायरी कुरतडल्या जातात, त्यामुळे तोंडाला मोकळी जाळी लावा. कापड कोंबू नका, त्याने डब्याचा सूरच बदलतो.

गाडीचा किंवा डीजेचा बेस घरात आणणं

बॉक्स बनवणारे कारागीर आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला सापडतात आणि त्यांच्या हाताला कसब असतं. पण गाडीचा सब गाडीच्या इवल्याशा हवेसाठी केलेला असतो. काचा बंद केल्या की ती हवाच खालचे सूर उचलून धरते. तोच सब हॉलमध्ये आणला की ती मदत संपते, शिवाय १२ व्होल्टचा जड पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो. वरातीतला १५ किंवा १८ इंची बेस मैदानात छातीवर आदळतो, कारण तो ४५-५० हर्ट्झच्या वर जोरात वाजण्यासाठी बनवलेला असतो. घरच्या सिनेमातला २५ हर्ट्झचा गडगडाट त्यातले बहुतेक डबे काढतच नाहीत.

जुना सब घेत असाल तर कोनच्या कडेचं फोम बोटाने दाबून बघा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फोम लवकर पिचतं, रबर जास्त टिकतं. मग कोन दोन्ही हातांनी सरळ, हलका आत ढकला. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे, सौदा सोडा. नवा घेताना सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा आणि मूळ खोका माळ्यावर जपून ठेवा. पंधरा किलोचा डबा दुरुस्तीला पुण्याला पाठवायची वेळ आली की त्या खोक्याची किंमत कळते.

जोडणार कशाला, हे न विचारणं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत वाईट वाटतं ते इथे, कारण पैसे गेलेले असतात. बहुतेक साउंडबारला बाहेरचा सब जोडताच येत नाही, त्यांना सबचं आउटपुट नसतं. खरेदीआधी तुमच्या यंत्राची मागची बाजू फोनवर फोटो काढून दुकानात न्या. एव्ही रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) असेल आणि त्यावर सबचं आउटपुट असेल तर एक आरसीए केबल पुरते. जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल तर ज्याला स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेता येतो असा सब घ्या. त्याने ॲम्प्लिफायरवर भार पडत नाही. मात्र काही स्वस्त डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची काळी वायरही जिवंत असते, जमिनीला जोडलेली नसते. तिथे माहितीपत्रक न वाचता जोडलं तर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

सेटिंगच्या गाठी

सबच्या पाठीवर कटऑफचा नॉब आणि रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (कोणत्या सुराखालचा आवाज सबकडे पाठवायचा ती सीमा), असे दोन्ही ८० वर ठेवले जातात. आवाज दोनदा कापला जातो आणि मध्येच खड्डा पडतो. रिसीव्हर असेल तर सबचा नॉब शेवटपर्यंत वर करा, किंवा एलएफई (सिनेमातल्या खास बेसची वाहिनी) असं लिहिलेलं असेल तिथे ठेवा, आणि सगळं रिसीव्हरला सांगा. मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ करा (म्हणजे त्यांचा बेस सबकडे जातो), ते मोठे दिसत असले तरी. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा धरला, कारण त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं ओळखता येत नाही. लहान सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. रिसीव्हर नसेल तर सबचाच नॉब वापरायचा: ६० पासून सुरू करा आणि स्पीकर जिथे बेस सोडतो तिथपर्यंत हळूहळू वर या.

माइकने आपोआप मोजणी केल्यावर रिसीव्हर सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. टेपने मोजून ते “दुरुस्त” करू नका. सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि तो उशीर रिसीव्हर अंतर म्हणून मांडतो.

सबमधून काहीच येत नसेल तर तीन गोष्टी आधी बघा. ‘डायरेक्ट’ मोड चालू आहे का, कारण त्यात बऱ्याच रिसीव्हरमध्ये सब बंद पडतो. रात्री कमी आवाजात ऐकताना ऑटो स्टँडबायने सब झोपला आहे का. आणि मेनूत सब ‘नाही’ असं राहून गेलंय का. बेस पोकळ वाटत असेल तर फेज (कोन आधी पुढे की मागे हलतो ते ठरवणारं बटण) ० वरून १८० करा आणि बसायच्या जागेवरून ऐका. ज्यात बेस भरीव लागतो तो पर्याय ठेवा.

कोपऱ्यात ढकलून विसरून जाणं

उदगीरला सब दिवाणामागच्या कोपऱ्यात होता, कारण तिथे तो पायात येत नव्हता. कोपऱ्यात प्रत्येक भिंतीचं घुमणं जास्तीत जास्त चेतवलं जातं. शिवाय दिवाण मागच्या भिंतीला टेकवलेला, आणि भिंतीलगत बेस फुगतोच. आम्ही सब दिवाणावर, बसायच्या जागी ठेवला, बेस गिटारची एक संथ चाल सुरू केली आणि भाऊ गुडघ्यांवर खोलीभर रांगत ऐकत गेला. जिथे प्रत्येक स्वर सारखा आणि सुटा ऐकू आला ती जागा टीव्हीच्या भिंतीच्या जवळजवळ मध्यावर निघाली. सब तिथे आणला. दिवाण भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला, खोलीच्या अगदी मध्यावर नाही, कारण तिथे तोच सूर गायब होतो. सबच्या आवाजाचा नॉब घड्याळातल्या तीनच्या जागेवरून अकराच्या जागेवर, म्हणजे खाली आणला. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, “आता तबला ऐकू यायलाय.” एक रुपया खर्च झाला नाही.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवू नका. ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी २० फूट असते, तिला ते ट्रे दिसतही नाहीत. गाद्यांची जाड चळत कोपऱ्यात ठेवली तर वरच्या बेसला थोडा फरक पडतो, इतकंच.

खडखड येत असेल तर फोनवरच्या टोन ॲपने ३० ते ८० हर्ट्झ हळूहळू वाजवा आणि घरभर फिरा. बहुतेक वेळा स्टीलच्या भांड्यांची मांडणी, कपाटाचं दार किंवा खिडकीची सैल काच सापडते.

हम्म आवाज आणि अर्थिंग

गाणं बंद असतानाही सबमधून येणारा हम्म हा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. रिसीव्हर आणि सब एकाच सॉकेटवरून चालवा. नाही गेला तर डिश किंवा केबलची तार टीव्हीतून काढून बघा, अनेकदा ती काढताच शांतता होते. मग त्या तारेसाठी आयसोलेटर (तारेत मध्ये बसणारा, हम्म अडवणारा छोटा जोड) घ्या. इन्व्हर्टरवर असतानाच हम्म येत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह आहे का ते बघा. हम्म घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला, तर तो कधीही ऐकू नका. त्याने आवाज जाईल, पण बिघाड झाला की करंट थेट अंगात उतरेल.

आपल्या काळ्या मातीला चैत्र-वैशाखात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल निघून जाते, म्हणजे अर्थिंग कमजोर होतं. मार्चपासूनच दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओता. सबच्या किंवा रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर प्लग काढून ठेवा आणि आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या.