मेडिकेअर अॅडव्हान्टेज घेण्याआधी: अमेरिकेत स्थायिक झालेल्या आईवडिलांसाठी

वय ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं अमेरिकेत वास्तव्य झालं, की आईवडिलांना मेडिकेअरमध्ये, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, नाव घालता येतं. पात्र होण्याचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन अशी सात महिन्यांची मुदत मिळते. ती चुकली तर पार्ट बीच्या (डॉक्टर आणि इस्पितळाबाहेरच्या उपचारांचा भाग) हप्त्यावर दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड चढतो, आणि तो सहसा कायमचा असतो.

आधी हप्त्याचा हिशोब करा. दोघांपैकी एकाचंही तिथे ४० तिमाही काम झालेलं नसेल, तर इस्पितळाचा पार्ट ए विकत घ्यावा लागतो. ३० तिमाहींपेक्षा कमी असल्यास २०२६ साली माणशी महिना ५६५ डॉलर, शिवाय पार्ट बीचे २०२.९०. मुलाने किंवा मुलीने वर्षानुवर्षं भरलेला कर यात धरत नाहीत.

खासगी कंपन्या इथून पुढे येतात, दोन वेगळ्या रूपांत.

मेडिगॅप सरकारी मेडिकेअरला जोड देतं. पार्ट बी साधारण ८० टक्के खर्च उचलतो, उरलेल्याचा बराच भाग मेडिगॅप भरतं. मेडिकेअर घेणारा कोणताही डॉक्टर चालतो. औषधांचा पार्ट डी वेगळा घ्यायचा.

अॅडव्हान्टेजमध्ये सरकार प्रत्येक सभासदामागे कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम देतं आणि ए-बीचा सगळा कारभार कंपनी पाहते. म्हणून ठरलेले डॉक्टर आणि मोठ्या उपचारांना पूर्वमंजुरी. ‘शून्य हप्ता’ लिहिलेलं असलं तरी ए-बीचे सरकारी हप्ते भरावेच लागतात. जमेची बाजू म्हणजे स्वतःच्या खर्चाला वार्षिक कमाल मर्यादा असते. एकट्या सरकारी मेडिकेअरला ती नाही.

सगळ्यात महाग पडते ती पुढची चूक. पार्ट बी सुरू झाल्यापासून सहसा पहिले ६ महिनेच मेडिगॅप कंपनीला आजार पाहून नकार देता येत नाही. आधी स्वस्तातलं अॅडव्हान्टेज घेऊ, आजारपण आलं की बदलू, असं ठरवलंत तर बहुतेक राज्यांत मधुमेह किंवा हृदयविकार बघून कंपनी नाही म्हणू शकते. न्यूयॉर्क, कनेटिकट यांसारखी थोडी राज्यं अपवाद. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात अॅडव्हान्टेज सोडता येतं, पण मेडिगॅप मिळेलच असं नाही. त्यामुळे त्या ६ महिन्यांतच दोन्हींचे दर मागवा आणि आईवडिलांचे डॉक्टर व रोजची औषधं योजनेच्या यादीत आहेत का, हे नाव घेऊन तपासा.

हिवाळा पुण्या-नाशकात काढणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. भारतातल्या उपचारांना सरकारी मेडिकेअर सहसा पैसे देत नाही. मेडिगॅपच्या जी आणि एन योजना परदेश प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतात, २५० डॉलर वजा करून, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. अॅडव्हान्टेज योजना ज्या परिसरात चालते त्याबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर बहुतेक योजना नाव काढून टाकतात. परतीचं तिकीट त्या हिशोबानं काढा.

एजंटाला कमिशन मिळतं. सही करण्याआधी राज्याच्या शिप (SHIP) या सरकारी आरोग्य विमा समुपदेशन केंद्रात जा. तिथला सल्ला मोफत असतो.