एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली: आधी व्हर्च्युअल मशीन, मग ड्युअल बूट

घरच्या संगणकावर विंडोज न घालवता लिनक्सही चालवायचे असेल, तर दोन मार्ग आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये दुसरी कार्यप्रणाली चालू विंडोजच्या आत, एखाद्या प्रोग्रामसारखी, आपल्या चौकटीत चालते. ड्युअल बूटमध्ये ती डिस्कवर स्वतःची जागा घेते आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. माझा आग्रह असा की ड्युअल बूट करायचेच असले तरी आधी व्हर्च्युअल मशीन करून पाहावे. इन्स्टॉलर कोणत्या क्रमाने काय विचारतो आणि डिस्कचे विभाग कसे दाखवतो, हे तिथे निर्धास्तपणे पाहता येते, आणि पुष्कळांची गरज तेवढ्यावरच भागते.

व्हर्च्युअल मशीनसाठी प्रोसेसरची ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही सोय चालू असावी लागते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर क्लिक केल्यास ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू आहे की बंद, हे दिसते. बंद असेल तर संगणकाच्या यूईएफआय सेटिंगमध्ये (कार्यप्रणालीच्या आधी चालून संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावे. इंटेलच्या प्रोसेसरवर या सोयीचे नाव व्हीटी-एक्स असते, तर एएमडीच्या बोर्डांवर ती बहुधा एसव्हीएम या नावाखाली सापडते. त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम बसवून नवे मशीन तयार करावे. एकूण रॅमच्या निम्म्याहून अधिक रॅम त्याला देऊ नये, कारण मूळ विंडोजलाही श्वास घ्यायला जागा लागते. ८ जीबी रॅम असेल तर ४ जीबी ही मर्यादा समजावी. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारासाठी ३० जीबीची डिस्क नेमावी. ती गरजेप्रमाणे वाढणारी ठेवली, तर तिची फाइल सुरुवातीला थोडीच जागा घेते. व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच सगळे बसवून देण्याचा ‘अनअटेंडेड’ पर्याय पुढे करतो. तो बंद ठेवावा, नाहीतर ज्या पायऱ्या पाहण्यासाठी हा खटाटोप केला, त्याच नजरेआड होतात.

लिनक्स सुरू झाल्यावर गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक प्रोग्राम) बसवावेत, म्हणजे स्क्रीनचा आकार चौकटीप्रमाणे बदलतो आणि दोन्हींकडे कॉपी-पेस्ट चालू करता येते. काही मोठा बदल करण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यावा. मात्र त्याला बॅकअप मानू नये, कारण तो मूळ डिस्कच्या फाइलवरच अवलंबून असतो आणि ती फाइल गेली की तोही निकामी होतो. गेम किंवा व्हिडिओ संपादन यांसारख्या, ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद लागणाऱ्या कामांना व्हर्च्युअल मशीन पुरे पडत नाही. तिथे ड्युअल बूटच हवे.

ड्युअल बूटचे खरे काम लिनक्स बसवण्याआधी, विंडोजमध्येच असते. सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने (डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणाऱ्या सोयींनी) बंदिस्त असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी. बूटच्या रचनेत बदल झाला की विंडोज ती मागू शकते.

त्यानंतर ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, आणि ही पायरी टाळू नये. ही सोय चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. ती आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. अशा अर्धवट झोपलेल्या डिस्कवर लिनक्स सहसा लिहू देत नाही, आणि जबरदस्तीने लिहिल्यास फाइली खराब होण्याचा धोका असतो.

लिनक्ससाठीची जागाही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने मोकळी करावी आणि तिच्यावर नवा विभाग न बनवता ती तशीच सोडावी. उबुंटू २५ जीबीत बसतो, पण रोज वापरायचा असेल तर निदान ५० जीबी द्यावेत.

डाउनलोड केलेल्या लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइलचा चेकसम, म्हणजे ती नीट उतरली का हे दाखवणारा आकडा, पडताळून रुफससारख्या साधनाने यूएसबी तयार करावा. त्यावरचा सगळा जुना मजकूर पुसला जातो. बूट मेनूमध्ये तोच यूएसबी काही वेळा दोनदा दिसतो. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेली असेल, तर ज्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेले असते तेच निवडावे, म्हणजे दोन्ही कार्यप्रणाली एकाच पद्धतीने बूट होतात. काही न बसवता आधी लिनक्स चालवून पाहावे आणि वायफाय, आवाज, टचपॅड तपासावेत. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा ती इंटेलच्या रेड (अनेक डिस्क एकत्र हाताळण्याच्या) पद्धतीत असते. ती घाईने एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेल्यास विंडोज सुरू होणे थांबते. हा बदल विंडोजला सेफ मोडमधून उठवण्याची तयारी करूनच करावा.

इन्स्टॉलर विंडोज ओळखून तिच्या शेजारी बसण्याचा पर्याय देत असेल, तर नवख्याने तोच घ्यावा. विभाग हाताने करताना मोकळ्या जागेवर ‘ईएक्सटी४’ (लिनक्सच्या फाइल-रचनेचा) विभाग बनवून तो लिनक्सच्या मूळ फोल्डरला (‘/’) जोडावा. आधीपासून असलेला छोटा, बहुधा १०० एमबीचा, एफएटी३२ रचनेचा ईएफआय (बूट फाइलींचा) विभाग फक्त निवडावा, फॉरमॅट मुळीच करू नये. मी पहिल्या खेपेस तो एवढासा विभाग निरुपयोगी समजून पुसला होता आणि विंडोज बसलेल्या जागी शाबूत असूनही तिला सुरू करणारी फाइल नाहीशी झाली. विंडोजच्या इन्स्टॉलेशन यूएसबीवरून तो विभाग पुन्हा बनवून, ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने बूट फाइली परत घालण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

बसवून झाल्यावर ग्रबची, म्हणजे कार्यप्रणाली निवडू देणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामची, यादी दिसायला हवी. तसे न होता थेट विंडोजच सुरू झाली, तर यूईएफआयमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलावा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरही हे पुन्हा करावे लागू शकते. ग्रबच्या यादीत विंडोजच नसेल, तर ‘ओएस-प्रोबर’ (इतर कार्यप्रणाली शोधणारा प्रोग्राम) बंद असण्याची शक्यता अधिक, कारण २०२१ च्या ग्रब २.०६ पासून तो मुळात बंद ठेवलेला असतो. दोन्हींमधली घड्याळे जुळत नसतील तर गोंधळू नये. लिनक्स हार्डवेअरचे घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते आणि विंडोज स्थानिक वेळ मानते. लिनक्सला स्थानिक वेळेवर आणले की फरक मिटतो.

पुढे लिनक्स काढायचे झाल्यास आधी यूईएफआयमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिले स्थान द्यावे, विंडोज सुरू होते याची खात्री करून घ्यावी आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे विभाग पुसावेत. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तरच ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने ती त्याला जोडता येते, मध्ये रिकव्हरीचा विभाग आला तर तो पर्याय फिकट दिसतो आणि क्लिकच होत नाही.