भारावून जायला हरिहर चढायची गरज नाही

मन फ्रेश करायला म्हणून पब्लिक रविवारी नाशिकजवळचा हरिहर किल्ला गाठतं आणि त्या कातळातल्या पायऱ्यांवर पुढच्याच्या टाचा बघत लाइनीत उभं राहतं, फोटो भारी येतात पण आ वासून बघायला सवड कुठे असते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा १५ मिनिटं चाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचाच अभ्यास छापला, ६० ते ९० वयाची माणसं, ८ आठवडे, एक गट नुसता चालला आणि दुसऱ्याला सांगितलं की थक्क करणारं काहीतरी शोधत चाला. दुसऱ्या गटाचा आनंद वाढला, रोजची घालमेल कमी झाली, आणि गंमत म्हणजे त्यांच्या सेल्फीत आठवड्यागणिक स्वतःचा चेहरा लहान होत गेला, मागचं दृश्य मोठं आणि हसू पण मोठं! म्हणजे लक्ष स्वतःवरून हटतं, हप्ते, बॉसचे मेसेज वगैरे थोडा वेळ मागे पडतं.

करायचं काय तर मोबाइल सायलेंटवर, पहिली दोन मिनिटं हळू श्वास, मग आधी लांबचं बघा, मग अगदी जवळचं. पांडवलेणीला जात असाल तर लेणी राहू द्या थोडा वेळ, वाटेतल्या काळ्या कातळाला हात लावा, हा सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, थरावर थर साचून गार झालेला, आणि आपण त्याच्यावर उभं राहून पार्किंगवरून भांडतो. हा विचार डोक्यात नीट बसेपर्यंत जागचं हलायचं नाही, माझ्या मते खरं काम इथेच होतं.

थंडीत पहाटे नांदूरमध्यमेश्वर बेस्ट, पक्ष्यांचं अभयारण्य आहे ते, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), दुर्बीण मिळाली तर न्या, बदकांचा अख्खा थवा एकदम उठला की बोलती बंद होते. पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा आहेच, फक्त गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर काठापासून लांब थांबा. गुडघे दुखत असतील तर गच्चीवरून ढग बघा, तेही चालतं. मात्र महिनोन्महिने झोप नाही, कशातच मन नाही असं असेल तर हा त्यावरचा इलाज नव्हे, आधी डॉक्टरकडे जा.

आणि सोबत गप्पिष्ट मित्र नको, नाहीतर पाचव्या मिनिटाला गाडी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटच्या रेटवर येते.