वात जुना, दुखणं नवं: अशा वेळी काय करायचं

पहाटे तीनला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग आली. हात झटकला, जरा बरं वाटलं, पुन्हा झोपले. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही.

मला आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला रूमेटॉइड आर्थ्रायटिस, होऊन अकरा वर्षं झाली. सकाळी बांगडी हातात न चढणं, नळाची चावी न फिरणं, कणीक मळताना मनगट भरून येणं हे सगळं आता ओळखीचं आहे. या मुंग्या मात्र ओळखीच्या नव्हत्या. मनात पहिला विचार अर्धांगवायूचा आला. घरात सासूबाई म्हणाल्या, "वाताचंच असेल गं, थंडी किती पडलीय." भीतीने झोप उडते आणि "वाताचंच असेल" म्हटलं की माणूस महिनोन्महिने अंगावर काढतो. मी दोन्ही केलं आहे, म्हणून सांगते.

आधी एवढंच ठरवा: आजच जायचं का?

कारण शोधत बसणं नंतर. पुढचं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, टम्म सुजला आणि हलवताच येईना, तर तो नेहमीचा वात समजू नका. आमवात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे सांधे धरतो. एकटाच सांधा असा पेटला तर आत जंतुसंसर्ग होऊन पू झालेला असू शकतो, आणि तो थोड्या दिवसांत सांधा खाऊन टाकतो. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून राहतो.

छातीत दाब, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं: सरळ 108 ला फोन करा, किंवा इंदूरचं एमवाय हे मोठं सरकारी इस्पितळ असो वा घराजवळचं दुसरं मोठं इस्पितळ, तातडीच्या विभागात जा. आमवात असणाऱ्याला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

डोळा लाल होऊन आतून ठणकतोय, उजेड सहन होत नाही किंवा अंधुक दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटलेली असू शकते, शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. वरून दोन्ही सारखंच दिसतं, सोनोग्राफीशिवाय कळत नाही, म्हणून ती पोटरी चोळू नका. वेदनाशामक गोळ्या चालू असताना शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तेही आजचंच काम.

आणि मान. जुन्या आमवातात मानेच्या अगदी वरच्या मणक्यांचा सांधा सैल होऊ शकतो. मान दुखते आणि सोबत हातापायांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो किंवा लघवीवर ताबा राहत नाही, असं असेल तर लगेच दाखवा. मालिशवाल्याकडून मान मोडून घेण्याची सवय असेल तर ती आजच बंद करा. हे मी हात जोडून सांगते.

मग औषधांचा डबा उघडा

नवं लक्षण नेहमी आजाराचंच असतं असं नाही, कधी ते गोळीचं असतं. गेल्या दोन महिन्यांत काय नवं सुरू झालं, काय बंद झालं, कशाचा डोस बदलला, हे पाना-पानावर बघा.

मेथोट्रेक्सेट घेत असाल तर दोनदा बघा. ही गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. तोंडात फोड, घसा दुखणं, ताप, अंगावर आपोआप काळे-निळे डाग, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आमच्या घरी गोळीचा वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेला असतो. कोरडा खोकला आणि नवी धापसुद्धा लगेच सांगायची, कारण फुप्फुसावर आजाराचाही परिणाम होतो आणि क्वचित या गोळीचाही.

मेडिकलवाल्या भैयाकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. लघवीच्या जळजळीवर मिळणारी कोट्रायमोक्सॅझोलसारखी गोळी मेथोट्रेक्सेटबरोबर घातक ठरते. ओळखीच्या कोणी आणून दिलेली "देशी पुडी" चालू असेल तर तीही लाज न बाळगता डॉक्टरांसमोर ठेवा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. म्हणून दोन दिवसांत आराम पडतो, आणि पुढे चेहरा सुजणं, साखर वाढणं सुरू होतं. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते मनाने एकदम बंदही करायचं नाही.

लिहून ठेवा, पण बारकाईने

मुंग्यांचं कारण मला वहीने दिलं. तीन आठवडे मी रोज सकाळी दोन ओळी लिहिल्या: किती वाजता, कोणती बोटं, कशाने बरं वाटलं. डॉक्टरांनी वही वाचली आणि विचारलं, "करंगळीला कधीच नाही?" खरंच, एकदाही नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, फार तर अनामिकेची एक बाजू. मनगटातून जाणारी एक नस एवढ्याच बोटांना जाते. मनगटाच्या सुजेने तीच दाबली जात होती. कार्पल टनेल म्हणतात त्याला. नुसतं "हाताला मुंग्या येतात" सांगितलं असतं तर ही करंगळी माझ्या लक्षातच आली नसती.

तेव्हा जागा बोटाने दाखवता येईल इतकी नेमकी लिहा. सकाळचा आखडलेपणा मिनिटांत मोजा: उठल्यापासून बांगडी चढेपर्यंत किती वेळ गेला. सूज, पुरळ यांचा फोटो काढा, कारण डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत ते नाहीसं झालेलं असतं. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. "बरेच दिवस झाले" यापेक्षा "रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून" हे कितीतरी कामाचं आहे.

डॉक्टरांसमोर

नवं लक्षण सगळ्यात आधी सांगा. "सांधे ठीक आहेत ना?" या प्रश्नावर मान डोलावली की पाच मिनिटं संपतात आणि खरी गोष्ट दारातून निघताना आठवते. "हे आमवाताचं आहे, औषधाचं आहे, की तिसरंच काही?" असं सरळ विचारा.

तिसरं काही खरंच असतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे चिकनगुनिया येतो, त्यात सांधे असे धरतात की आमवातच उसळला असं वाटतं. त्याच दिवसांत डेंग्यूही असतो. म्हणून ताप असताना तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी नको. आणि आमवाताची औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, म्हणून 100.4 च्या वर ताप गेला की या आठवड्याचा डोस घ्यायचा की नाही हे फोन करून विचारा.

रिपोर्ट चांगले, त्रास तसाच

सगळ्यात अवघड हेच. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या ठीक, एक्सरे ठीक, आणि तुम्ही मात्र दुपारी चारला गळून पडलेल्या. हा थकवा खोटा नसतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन बी-12, झोप आणि मनाची उदासी, एवढं तरी तपासलं गेलं का ते बघा. डोळे रखरखतात, तोंड इतकं कोरडं पडतं की पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, तर तेही सांगा, आमवाताबरोबर ग्रंथी कोरड्या पडण्याचा आजार येऊ शकतो.

तरीही नाव सापडलं नाही, तर उठण्याआधी तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: काय नाही हे नक्की झालं? किती दिवस वाट बघायची? काय झालं तर त्याआधीच यायचं? या तीन उत्तरांवर मला रात्री झोप लागते. घरच्यांनाही तीच वाचून दाखवते, म्हणजे कोणी घाबरत नाही आणि कोणी "काही नाही गं" असंही म्हणत नाही.

मनगटाचा पट्टा रात्री बांधायला लागल्यापासून मुंग्या जवळजवळ गेल्या. सध्या वहीत एकच नोंद उघडी आहे: उजवी टाच, सकाळी पहिली दहा पावलं, बारा दिवस. सोमवारी दाखवायची आहे.