वर्गमूळ सापडेना: लिनक्सवर जीसीसी बसवताना

अर्धापूरहून नांदेडला पॉलिटेक्निकला रोज जाऊन-येऊन करायचो, त्या वर्षी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा) हवा. जीसीसी हा तसा कंपायलर, आणि तो दोन आज्ञांत येतो: सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल. जीसीसी, जी प्लस प्लस, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइली, सगळं त्यातच असतं.

माझं इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाईट गेली. बॅटरी कामातून गेलेलीच होती. नंतर ॲप्ट, म्हणजे पॅकेजं बसवणारी ती आज्ञा, काहीच घेईना. उबुंटू पुन्हा टाकायच्या बेतात होतो, पण उपाय पडद्यावरच लिहिलेला होता: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. तेवढ्यानं गाडी पुढं सरकली.

खरा घोळ पुढं झाला. केळी लावताना ओळी काटकोनात आखायच्या असतात, म्हणून बाबांसाठी दोन बाजूंवरून कर्ण काढणारा प्रोग्रॅम लिहिला. आधी बाजूंचे आकडे प्रोग्रॅममध्येच घातले, उत्तर आलं. मग तेच आकडे कीबोर्डवरून घ्यायला लागलो, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी', म्हणजे वर्गमूळ काढणारं फंक्शनच सापडेना! गणिताची हेडर फाइल मॅथ.एच तर वर लिहिलेली. दोन दिवस मी कंस आणि अर्धविराम तपासत बसलो.

हेडर फक्त फंक्शनचं नाव आणि त्याला काय द्यायचं ते सांगतं. फंक्शन स्वतः लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या साठ्यात असतं, आणि गणिताची लायब्ररी लिनक्सवर वेगळी आहे. आकडे ठरलेले होते तेव्हा जीसीसीनं वर्गमूळ कंपाइल करतानाच काढून ठेवलं होतं, म्हणून लायब्ररीची गरजच पडली नव्हती. गणिताची लायब्ररी जोडायला शेवटी -एलएम घालून जीसीसी कर्ण.सी -ओ कर्ण -एलएम असं लिहिलं आणि चाललं. आज्ञा अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची. -एलएम शेवटीच ठेवा. उबुंटूत ते फाइलच्या नावाआधी आलं तर तीच चूक पुन्हा दिसते.

तेव्हापासून मी चूक सांगणाऱ्या संदेशाची पहिली ओळ आधी वाचतो. हेडर फाइलचं नाव आणि 'नो सच फाइल' असेल, तर बहुधा त्या लायब्ररीचं -डेव्ह पॅकेज राहिलेलं असतं (फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात -डेव्हेल). 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असेल तर लायब्ररी जोडायची राहिली. प्रोग्रॅम तयार झाला पण चालवताना शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रॅम चालू होताना जोडली जाणारी) मिळत नसेल, आणि ती तुम्ही स्वतः यूएसआर/लोकल/लिबमध्ये बसवली असेल, तर सुडो एलडीकॉन्फिग करून बघा. कुठल्याही साइटवरून लायब्ररीच्या फाइली आणून सिस्टीमच्या फोल्डरात मात्र टाकू नका.

गावाकडं नेट पुरत नसेल तर नांदेडलाच सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल -डी बिल्ड-इसेन्शियल करा. पॅकेजं नुसती उतरतात आणि व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्जमध्ये राहतात. बसवायची घरी गेल्यावर, नेटशिवाय.