घरात उंदीर शिरलेत? औषधाची वडी आणण्याआधी हे करा

घरात उंदीर दिसला की नागपूरकर माणूस आधी शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या मालकाला शिव्या घालतो आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून औषधाची वडी आणून ओट्याखाली टाकतो. शिव्यांमध्ये तथ्य आहे, वडीची मात्र घाई होते. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन ते पाच दिवस लागतात. तोवर तो सज्ज्यावरच्या गाद्यांत नाहीतर फॉल्स सीलिंगच्या आत जाऊन बसलेला असतो. मग आठवडाभर वास कुठून येतोय ते शोधत बसायचं. ज्या भोकातून तो आला ते भोक उघडंच असतं, त्यामुळे पंधरा दिवसांत दुसरा हजर. औषध लागलंच तर ते सगळ्यात शेवटी, आणि घराबाहेर.

आधी पाहुणा कोण ते ओळखा

रात्री खुडबुड ऐकली म्हणजे उंदीरच असं नाही. ओट्यामागच्या लेंड्या बघा. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या, टोकदार असतील तर घरातला लहान उंदीर. सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब असतील तर मोठा काळा उंदीर. हा चढण्यात पटाईत, म्हणून तो सज्जा, कवेलूचं छत, वायरी आणि पाइप अशा उंच जागी सापडतो. भिंतीच्या कडेला माती उकरून ढीग टाकलाय, अंगणातली फरशी एका कोपऱ्यात खचलीय, तर घूस. ती जमिनीखालून पोखरत येते, आणि महाल भागातल्या जुन्या वाड्यांइतकंच बेसा, हुडकेश्वरकडच्या नव्या लेआऊटमध्येही तिचं राज्य आहे.

लांब सोंडेचा, भिंतीला चिकटून चिं-चिं करत पळणारा आणि उग्र वास सोडणारा प्राणी दिसला, तर ती चिचुंद्री. ती उंदराच्या जातीची नाही. किडे, झुरळं खाते. तिला मारायच्या भानगडीत पडू नका, दारं बंद करून बाहेरची वाट मोकळी ठेवली की जाते.

लेंड्या ताज्या की जुन्या हेही बघा. ताजी मऊ आणि चकचकीत असते, जुनी काडीने दाबली की भुगा होते. सगळ्या जुन्याच असतील तर पाहुणा कदाचित कधीच निघून गेलाय.

रस्ता शोधा

लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला बारा. शिसपेन्सिल ज्या भोकात जाते त्यात उंदराचं पिल्लू जाऊ शकतं, हे डोक्यात ठेवून घराला एक चक्कर मारा. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा पळत नाही, भिंतीला अंग घासत रोज त्याच वाटेने जातो. त्यामुळे त्याच्या वाटेवर भिंतीला तेलकट काळपट पट्टा उमटतो. शंका असेल तिथे रात्री टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा. सकाळी पाय आणि शेपटीची रेघ दिसते. कणीक वापरू नका, ती तो खाऊन जाईल.

भोक चालू आहे की सोडून दिलेलं, हे कळायला वर्तमानपत्राचा बोळा त्यात कोंबा. सकाळी बोळा बाहेर फेकलेला दिसला तर रस्ता चालू आहे.

आपल्याकडे नेहमीच्या जागा ठरलेल्या: गॅसच्या नळीसाठी ओट्याखाली पाडलेलं भोक, स्प्लिट एसीच्या पाइपाभोवतीची जागा, टीव्हीची केबल आत येते ती खिडकी, मागच्या दाराखालची फट आणि झाकण फुटलेलं गडर लाइनचं (सांडपाण्याच्या नळाचं) चेंबर. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे कूलर. मार्चमध्ये खिडकीचा पल्ला काढून बाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर बसवायचा, आजूबाजूच्या जागेत थर्माकोल आणि पुठ्ठा ठासायचा, वरून सुतळी. जूनमध्ये पाऊस आला की पाणी बंद, पण कूलर दिवाळीपर्यंत तिथेच. आता उंदराच्या बाजूने विचार करा. स्टँडचा पाय म्हणजे शिडी, थर्माकोल कुरतडायला मऊ, आत वूडवूलच्या ताट्या कोरड्या पडलेल्या. घरटं करायला याहून चांगली जागा अख्ख्या प्लॉटवर नाही. वरून पंप बंद असल्यामुळे आत कुणी डोकावत नाही.

म्हणून पाऊस लागला की कूलर काढा. निघत नसेल तर ताट्या तरी काढून टाका आणि थर्माकोलच्या जागी टिनाचा पत्रा किंवा बारीक जाळी ठोका. आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरण्याआधी पंपाची वायर बोटबोट तपासा, प्लग काढून. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तो काहीही कुरतडतो, वायरीचं प्लास्टिकही. कुरतडलेली वायर, पाणी आणि लोखंडी कूलर यांचं काय होतं ते नागपूरकराला सांगायला नको.

खाणं तोडा

हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळे इथेच ढिले पडतात. तांदळाचा कट्टा जमिनीवर टेकवून ठेवणं बंद. टिनाची कोठी किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवा. प्लास्टिकचा डबा उंदीर रात्रीत फोडतो. ओला कचरा रात्री ओट्यावर किंवा दाराबाहेर पिशवीत राहू देऊ नका. कुत्र्यामांजराचं खाणं रात्री उचलून ठेवा. देवापुढचा प्रसाद आणि समईतली तेलात भिजलेली वात यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, उंदराचं जातं.

मोठ्या उंदराला पाणीही लागतं. ठिबकणारा नळ, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी, मोरीतलं साचलेलं पाणी हे सगळं कोरडं करा.

शेजारच्या प्लॉटवर गवत आणि कचरा माजला असेल तर मनपाच्या आपल्या झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या, फोटोसकट. नुसतं तोंडी सांगून होत नाही. तोवर आपल्या भिंतीलगतची पट्टी तरी मोकळी ठेवा, विटा आणि जुनी लाकडं भिंतीला टेकवून रचू नका.

भोकं बुजवा, पण योग्य वस्तूंनी

कापूस, कापड, एम-सील, दुकानात मिळणारा फोम: हे सगळं उंदीर कुरतडतो. पाइपाभोवतीच्या लहान भोकात भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट लावा. घुशीच्या बिळात जुने मिस्त्री काचेचे तुकडे घालून सिमेंट ओततात, ते चालतं. फक्त काचा वर राहणार नाहीत हे बघा, अंगणात मुलं अनवाणी फिरतात. खिडकी, झरोका आणि एक्झॉस्टच्या भोकाला सहा मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी लावा. मच्छरदाणीची नायलॉन जाळी उंदराला अडवत नाही. दाराखाली टिनाची पट्टी ठोका. मोरीतल्या पाणी जायच्या भोकावर स्क्रूने आवळलेली स्टीलची जाळी हवी, नुसती वर ठेवलेली नको. भिंतीला टेकलेली झाडाची फांदी छाटा, काळा उंदीर तिच्यावरूनच छतावर उतरतो.

क्रम महत्त्वाचा. आधी आतले पकडायला घ्या, आणि आतली हालचाल थांबल्यावर शेवटचं चालू भोक बंद करा. उंदीर आत असताना सगळंच बुजवलं तर तो दारं आणि कपाटं कुरतडत सुटतो.

पिंजरा लावायची रीत

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पिंजरा आणला, त्याच रात्री लावला आणि रिकामा राहिला, म्हणून लोक तो माळ्यावर टाकून देतात. असं करू नका. पहिले तीन-चार दिवस पिंजरा त्याच्या वाटेवर उघडाच ठेवा, झडप बांधून, आत खाणं घालून. खाणं फस्त व्हायला लागलं की मग झडप सोडा. लहान उंदराला इतकं लाडावावं लागत नाही, तो चौकस असतो.

आमिष म्हणून तेलकट आणि वासाचं काहीतरी द्या. कांदाभजी, शेंगदाण्याची चिकी, सुकट, तुपात चुरलेली पोळी. आकड्याला ते दोऱ्याने बांधा, नाहीतर अलगद काढून नेतो. स्प्रिंगचा सापळा असेल तर भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. एक लावून भागत नाही, एका भिंतीला दोन-तीन लावा. आमिषाला हातमोजे घालून हात लावा.

चिकट बोर्डबद्दल माझं मत चांगलं नाही. उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो, मुततो, आणि चिचुंद्री, पाली, चिमण्याही अडकतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही त्याविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. प्लगमध्ये लावायची आवाजाची यंत्रंही पैसे वाया घालवणारी आहेत. उंदीर थोडे दिवस दबकतो, मग सरावतो. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. इडापिडा घालवायला निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणताना उंदरांचं नाव घेऊन बघा, गुण तेवढाच येईल आणि खर्च नाही.

पकडलेला उंदीर नाल्यापलीकडे सोडून येणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाठवणं.

औषध, अगदी लागलंच तर

दुकानात मिळणारी वडी बहुधा ब्रोमाडिओलोनची असते, 0.005 टक्के. ती रक्त गोठू देत नाही. माणसाने किंवा कुत्र्याने खाल्ली तर व्हिटॅमिन के1 हा उतारा आहे. पण झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीला आणि पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला उतारा नाही. ही पेस्ट यकृत निकामी करते, आणि ती पोळीवर लावून स्वयंपाकघरात ठेवणारी घरं आजही आहेत. ती घरात आणूच नका. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घराच्या जवळपासही नकोत. त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो.

वडी ठेवायची तर कुलूपबंद बेट बॉक्समध्ये (आमिष ठेवायच्या डब्यात), घराबाहेर, भिंतीच्या कडेला. कुणी चुकून खाल्लंच तर उलटी काढत बसू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या, आणि औषधाचं पाकीट सोबत घ्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.

साफसफाई आणि ताप

लेंड्यांवर कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. खिडक्या उघडा, मास्क आणि हातमोजे घाला, एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी मिसळून शिंपडा, दहा मिनिटांनी कागदाने पुसून घ्या. मेलेला उंदीर दुहेरी पिशवीत बांधा, रस्त्यावर फेकू नका. तो थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं शरीर शोधतात. 1994 साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत ज्या प्लेगची धास्ती पसरली होती, तो आजार मुळात या पिसवांमधूनच उंदरांकडून माणसात येतो.

नागपूरला जास्त जवळचे दोन आजार आहेत. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पाण्यात आणि पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदी घरांत शिरली होती, तशा पाण्यात अनवाणी उतरू नका. दुसरा स्क्रब टायफस, उंदरांच्या अंगावर आणि गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चाव्याने होणारा. 2018 च्या पावसाळ्यात त्याने इथे बळी घेतले. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल किंवा अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरला घरात उंदीर आहेत हे न विसरता सांगा. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे साधं औषध चालतं, उशीर झाला की गुंतागुंत वाढते.

दुकान, गोदाम, हॉटेल असेल तर

मस्कासाथ किंवा इतवारीच्या किराणा ओळीतलं दुकान असो नाहीतर तर्री-पोह्याचा गाडा, नियम घरापेक्षा कडक आहेत. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतल्या परिशिष्ट 4 प्रमाणे कीड आणि उंदरांचा बंदोबस्त व त्याची नोंद ठेवणं परवानाधारकावर आहे. कट्टे लाकडी फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून दीड फूट सोडा. त्या फटीतून माणूस टॉर्च घेऊन जाऊ शकला पाहिजे. आलेला माल आत घेण्याआधी कट्टा उलटून बघा, कळमन्याच्या बाजारातून येणाऱ्या गाडीतून उंदीर फुकट येतात. जुना माल आधी काढा, कोपऱ्यात वर्षभर पडलेला कट्टा म्हणजे बाळंतिणीची खोली. मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार होतात. अन्नाच्या जागेत विषारी वडी ठेवायची नाही, तिथे फक्त सापळे. रात्री शटर पाडल्यावर खाली पेन्सिल सरकते का ते बघा. सरकली तर रबराऐवजी ब्रशची पट्टी लोखंडी कडेसह बसवा.

पेस्ट कंट्रोलवाल्याशी करार करताना महिन्याला किती फेऱ्या हे विचारण्याआधी त्याला आपलं दुकान फिरून बघायला लावा. भोकं न शोधता जो थेट वड्यांचा भाव सांगतो त्याला परत पाठवा. त्याच्याकडे कीटकनाशक वापरण्याचा परवाना आहे का, कोणतं औषध वापरणार त्याचं नाव, बॉक्स कुठे-कुठे बसणार त्याचा नकाशा, आणि मेलेले उंदीर कोण उचलणार, हे सगळं सही करण्याआधी कागदावर घ्या.