नोटपॅडमधील टिपणे एका कळजोडीच्या अंतरावर

नोटपॅड १९८५ पासून विंडोजबरोबर येत आहे आणि टिपणे लिहिण्यासाठी ते पुरेसे आहे. अडचण असते ती लिहिण्याच्या जागेपर्यंत वेळेवर पोहोचण्याची. फोनवर कोणी तक्रार क्रमांक सांगत असताना स्टार्ट मेनू, मग फोल्डर, मग फाइल असे माउसने फिरावे लागले, तर तो क्रमांक जवळच्या एखाद्या पाकिटामागे लिहिला जातो आणि टिपणांच्या फाइलमध्ये कधीच येत नाही. म्हणून टिपणवही उघडणे, सापडलेला मजकूर तीत टाकणे आणि जुने टिपण शोधणे या तीन कामांना प्रत्येकी एक कळजोडी, म्हणजे एकत्र दाबायच्या कळा, नेमून द्यावी. पुढील मांडणी विंडोज १० आणि ११ वर चालते व तिच्यासाठी नोटपॅड आणि विंडोज पॉवरशेल (टंकलेल्या आज्ञा पार पाडणारे विंडोजमधील साधन) यांपलीकडे काही बसवावे लागत नाही. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली असली, तरी टंकताना ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची आहेत.

प्रथम जागा निश्चित करावी. सी ड्राइव्हवर ‘नोट्स’ या नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांत तयार करावा आणि सर्व टिपणे व स्क्रिप्ट (पॉवरशेलच्या आज्ञा लिहिलेल्या फाइली) तेथेच ठेवाव्यात. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर यासाठी टाळलेला बरा, कारण वनड्राइव्हचा बॅकअप सुरू केल्यास त्याचा पत्ता बदलतो आणि शॉर्टकटमध्ये लिहिलेला जुना पत्ता निरुपयोगी होतो. विंडोजला मराठी फोल्डरनावांचे वावडे नाही. मात्र स्क्रिप्टमध्ये ती नावे लिहावी लागली की अक्षरसंकेतनाचे, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायची याचे, प्रश्न उभे राहतात.

या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल तयार करून तिच्या पहिल्या ओळीत, आधी मोकळी जागा न सोडता, एक पूर्णविराम आणि त्याला लागून एल, ओ, जी ही तीन कॅपिटल अक्षरे लिहावीत, फाइल जतन करावी आणि बंद करावी. यानंतर ती फाइल नोटपॅडमध्ये जेव्हा जेव्हा उघडाल, तेव्हा मजकुराच्या शेवटी त्या क्षणाची वेळ आणि तारीख आपोआप लिहिली जाईल. नोटपॅडची ही सोय फार जुनी असूनही तिचा वापर आश्चर्य वाटावे इतका कमी होतो. इतर कोणत्याही फाइलमध्ये हाच शिक्का हवा असेल, तर एफ-५ ही कळ पुरेशी असते. केवळ पाहण्यासाठी उघडल्या जाणाऱ्या फाइलला, उदाहरणार्थ दूरध्वनी क्रमांकांच्या यादीला, ही ओळ देऊ नये. प्रत्येक वेळी शेवटी नवी तारीख चिकटते आणि यादी विनाकारण वाढत जाते.

आता कळजोडी. डेस्कटॉपवर उजवी टिचकी देऊन ‘न्यू’ आणि त्याखालील ‘शॉर्टकट’ निवडावे, आणि पत्त्याच्या चौकटीत ‘नोटपॅड’ हा शब्द, एक मोकळी जागा व त्यानंतर फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा. तयार झालेल्या चिन्हाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शॉर्टकट की’ या चौकटीत जाऊन फक्त एक अक्षर दाबावे. कंट्रोल आणि ऑल्ट या कळा विंडोज स्वतःच त्याच्यापुढे जोडते. हे चिन्ह डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूच्या फोल्डरमध्ये असेपर्यंतच कळजोडी काम करते, त्यामुळे डेस्कटॉप आवरताना ते दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले की ती मुकाट्याने बंद पडते. अंक शक्यतो टाळावेत, कारण कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणे हे बहुतेक भारतीय कीबोर्ड मांडण्यांत उजव्या ऑल्टसारखेच धरले जाते आणि ‘इंग्लिश (इंडिया)’ मांडणीत त्यांच्या जोडीने ४ दाबल्यास रुपयाचे चिन्ह उमटते. मराठी कीबोर्ड चालू ठेवूनही कळजोडी एकदा तपासून घ्यावी. कधी कधी खिडकी उघडण्यास काही सेकंद लागतात. तेवढ्यात पुन्हा कळ दाबण्याचा मोह आवरावा.

दुसऱ्या कामासाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये किंवा ईमेलमध्ये निवडून कॉपी केलेला मजकूर फाइल न उघडता टिपणांत टाकण्यासाठी, छोटी स्क्रिप्ट लागते. तिची पहिली ओळ ‘गेट-डेट’ या आज्ञेकडून आजची तारीख घेऊन ‘नोट्स’ फोल्डरमधील त्या दिवसाच्या फाइलचा पत्ता तयार करते आणि चलात, म्हणजे नाव दिलेल्या तात्पुरत्या जागेत, ठेवते. दुसरी ओळ ‘गेट-क्लिपबोर्ड’चा मजकूर ‘ॲड-कंटेंट’कडे सोपवते, जी फाइल नसल्यास तयार करते आणि असल्यास शेवटी भर घालते. तारखेचे स्वरूप आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे ठेवावे, म्हणजे नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. या स्वरूपात महिन्यासाठी दोन एम कॅपिटलच असावे लागतात. छोटे एम मिनिटे दर्शवतात, आणि ते लिहिल्यास दर मिनिटाला वेगळ्या नावाची फाइल तयार होऊ लागते.

मराठी लिहिणाऱ्याने सर्वाधिक लक्ष द्यावे ते येथे. ‘ॲड-कंटेंट’ला ‘एन्कोडिंग’ या पर्यायासह ‘यूटीएफ८’ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारे संकेतन) असे स्पष्ट सांगावे. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ते न सांगितल्यास मजकूर जुन्या ॲन्सी संकेतनात लिहिला जातो, देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर परत मिळवता येत नाही. स्क्रिप्टमध्येच एखादा मराठी शब्द लिहायचा असेल, तर ती जतन करताना ‘सेव्ह ॲज’मधील संकेतनाच्या यादीतून ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडावे; बॉम म्हणजे फाइलचे संकेतन ओळखू देणारी तिच्या सुरुवातीची अदृश्य खूण. २०१९ पासून नोटपॅड मूळ पसंती म्हणून बॉमविरहित यूटीएफ-८ वापरते आणि पॉवरशेल ५.१ अशी फाइल ॲन्सी समजून वाचते. ही दैनंदिन फाइल आणि वर सांगितलेली तारखेची वही वेगवेगळ्याच ठेवाव्यात. नोटपॅडमध्ये उघडी असलेल्या फाइलमध्ये स्क्रिप्टने भर घातली आणि नंतर नोटपॅडमधील जुनी प्रत जतन झाली, तर मधली भर नाहीशी होते.

पॉवरशेलच्या स्क्रिप्टवर दुहेरी टिचकी दिल्यास ती चालण्याऐवजी साधारणतः नोटपॅडमध्येच उघडते. म्हणून शॉर्टकटच्या ‘टार्गेट’मध्ये ‘पॉवरशेल’, त्यानंतर ‘एक्झिक्युशनपॉलिसी’ व ‘बायपास’, आणि शेवटी ‘फाइल’ या पर्यायापुढे स्क्रिप्टचा पत्ता द्यावा. यांपैकी ‘एक्झिक्युशनपॉलिसी’ आणि ‘फाइल’ यांच्याआधी वजाचिन्ह येते. ‘रन’ या चौकटीत ‘मिनिमाइझ्ड’ निवडल्यास काळी खिडकी डोळ्यांसमोर येत नाही. कार्यालयातील संगणकावर स्क्रिप्टना धोरणानेच मनाई असेल, तर पळवाट न शोधता तेथील व्यवस्थापकाकडून परवानगी घ्यावी.

तिसऱ्या कामासाठी, म्हणजे शोधासाठी, वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ‘सिलेक्ट-स्ट्रिंग’ ही आज्ञा वापरावी. शोधशब्द काळ्या खिडकीत टंकण्याची पद्धत मराठीसाठी सोयीची नाही, कारण तेथे जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळत नाहीत. त्याऐवजी नमुना म्हणून केवळ एक पूर्णविराम द्यावा, म्हणजे फोल्डरमधील सर्व फाइलींच्या रिकाम्या नसलेल्या सर्व ओळी मिळतात. त्यांतून ‘सिलेक्ट-ऑब्जेक्ट’ने फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, ओळ आणि पूर्ण पत्ता एवढेच निवडून ते ‘आउट-ग्रिडव्ह्यू’कडे ‘पासथ्रू’ या पर्यायासह पाठवावे. आता उघडणारी खिडकी देवनागरी व्यवस्थित दाखवते आणि तिच्या वरच्या चौकटीत मराठी शब्द टंकताच यादी गाळली जाते. ‘पासथ्रू’ वगळल्यास स्क्रिप्ट संपताच ही खिडकीही बंद होते, त्यामुळे तो विसरू नये. हवी ती ओळ निवडून ‘ओके’ दाबल्यावर तिचा पत्ता स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीतून नोटपॅडला द्यावा. उघडलेल्या फाइलमध्ये कंट्रोल-जी दाबून यादीत पाहिलेला ओळीचा क्रमांक लिहिल्यास थेट त्या टिपणावर जाता येते. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र त्यासाठी ‘वर्ड रॅप’ (लांब ओळी खिडकीच्या रुंदीत मोडून दाखवण्याची सोय) आधी बंद करावा लागतो.